जोमाकाकांचे पाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. बाप गेला तेव्हा त्याच्या उशाशी मीच होतो, त्यालाही नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून तीनदा बोरू दौतीत बुडवला आणि तीनदा तसाच वाळू दिला. पंचवीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घालणारा माणूस मी — आणि चार ओळी लिहिताना हात अडतो.

परवा घरात दूध उतू गेलं. बायको चुलीपाशीच बसली होती, तिच्या नाकासमोर गेलं. ती स्वतःवरच हसली आणि म्हणाली, "जोमाचं पाय झालं बाय माजं!"

आमच्या खाडीकाठच्या पाच-सहा गावांत असं म्हणतात. समोरचं दिसलं नाही, हातातलं निसटलं, कुणी हाक मारली आणि ऐकू आली नाही, की जोमाचे पाय झाले. माझी बायको खाडीपलीकडची. लग्न होऊन ती आली तोवर जोमा मरून गेला होता. तिला वाटतं, जोमा हा कुठल्या तरी गोष्टीतला बावळट माणूस असावा. ती हसली आणि — काय सांगू तुम्हाला — मीही हसलो. मग ओट्यावर येऊन बसलो तो दिवे लागेपर्यंत तिथंच होतो.

जोमा गोष्टीतला नव्हता. आमच्या शेजारचा होता. मी त्याला जोमाकाका म्हणायचो.

आमचं गाव कल्याणच्या खाली, डोंबिवलीच्या बाजूला, अगदी खाडीला लागून. घरं आणि शेतं सगळी सखल, फक्त देऊळ तेवढं टेकडीवर. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक पुरुषभर उंचीचा बांध आहे. त्या बांधावर आमचं सगळं जगणं. तो फुटला तर खारं पाणी आत शिरतं, घरं जातात, आणि पाणी ओसरलं तरी पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. बांध असा फुटून जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड हा शब्द आमच्याकडे मुलांना दटावण्यासाठीसुद्धा कुणी उगाच उच्चारत नाही.

बांधाचा खरा वैरी भरती नव्हे, चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. चिंबोऱ्या खाडीच्या अंगानं बिळं करतात. वरून पाहाल तर गवत हिरवंगार, माती धड. आत पोट पोकळ. मोठं उधाण आलं की पाणी त्या बिळात शिरतं. आधी करंगळीएवढी धार, मग मनगटाएवढी, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी वाट.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. बांधाचे वाटे पाडलेले असतात, घरटी एक. दोन वाट्यांच्या मध्ये खुणेचा दगड. नारळी पुनवेचं उधाण वर्षातलं मोठं, तर तिच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरच्या पुरुषानं आपला वाटा चालायचा. अनवाणी. सावकाश. टाच आधी, मग चवडा. पोकळ झालेली जागा डोळ्यांना दिसत नाही, टाचेला कळते. पावसानं भिजलेली माती मऊ लागते आणि पोकळ मातीही मऊ लागते, पण दोन्हींत फरक असतो. तो मला लिहून दाखवता येणार नाही. उघड्या टाचेला तो लगेच कळतो. जागा सापडली की ती खणायची, पेंढा आणि चिकणमाती भरायची, धुम्मसानं ठोकायची. मग सगळ्यांनी उघाडीपाशी जमायचं. उघाडी म्हणजे आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप. तिथं उभं राहून एकेकानं म्हणायचं, "वाटा चाललो, पायांनी बघितला." कुणी कुणाचा वाटा तपासत नाही. तेवढं बोललं की झालं.

हे चालणं मला जोमाकाकांनीच शिकवलं. ठेंगणा माणूस, पाय फावड्यासारखे रुंद. त्यांच्यासारखा बांध कळणारा दुसरा माणूस नव्हता. लोक आपला वाटा चालून झाला तरी त्यांना बोलवत, "जोमा, एकदा तू पाय टाकून जा." आमचा आणि त्यांचा वाटा लागून होता. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांनी माझा हात धरून मला बांधावर चालवलं होतं. म्हणायचे, "डोले मीट. डोले मिटलं का पाय जागं व्हतान." त्यांची मुलगी ठमी माझ्याच वयाची. तीही मागून डोळे मिटून चालायची आणि दर खेपेला खाडीच्या बाजूला चिखलात पडायची. काका तिला उचलत, पंच्यानं तोंड पुसत, पुन्हा चालवत.

आता बुटांचं सांगायला हवं. टाळत होतो.

मी आमच्या आळीतला पहिला शिकलेला. आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. कल्याणला शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून लागलो, तेव्हा बापानं गावभर गूळ वाटला. शाळेत पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडमास्तरांनी माझ्या पायांकडे पाहिलं. फाकलेली बोटं, भेगांत कायमची बसलेली खाडीची काळी माती — कितीही घासा, जात नाही. ते वर्गासमोर म्हणाले, "पाय आहेत की नांगर?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. महिन्याच्या आत बाजारातून बूट आणले. तेव्हापासून माझे पाय कल्याणात कुणाला दिसले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही ते पाहवत नसत. पाय धुतानाही मी मान वळवून धूत असे.

त्या वर्षी नारळी पुनवेला घरी आलो तर बापाला हिवताप. अंथरुणातून त्यानं मला सांगितलं, "वाटा तुला चालायचाय." त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता! घरातला दुसरा पुरुष आज उभा राहणार होता, आणि तोही मास्तर.

मी बूट घालून गेलो.

झिमझिम पाऊस होता. पश्चिमेकडून वारा, आणि वरच्या अंगाला बरेच दिवस कोसळत असल्यामुळे नदीचं पाणी तांबडं होऊन उतरत होतं. खालून उधाण आणि वरून पूर — अशा वर्षी बांध नीट पाहावाच लागतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? जोमाकाका त्यांचा वाटा संपवून उघाडीकडे निघाले होते. त्यांनी मागे वळून माझ्या पायांकडे पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "काड रं त्ये. पायांना बगू दे."

"काढतो काका, पुढं जाऊन काढतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. मी सांगितलं म्हणजे मी करणार, एवढंच त्यांना माहीत.

मग बांधावर मी एकटा होतो. समजलं ना तुम्हाला? हेडमास्तर नव्हते, वर्ग नव्हता, हसायला चिटपाखरू नव्हतं. तरी मी बूट काढले नाहीत. का? नाड्या भिजून गच्च बसल्या होत्या. खाली चिखल होता. आणि बूट काढले की ते पाय दिसतील — मला दिसतील. हे एवढंच होतं. लिहिताना किती थोडं वाटतं! मी भराभर चालत गेलो. माझा वाटा जिथं संपतो त्या दगडाच्या दोन पावलं अलीकडे बूट किंचित खचला. मी थांबलो. खाली पाहिलं. गवत धड होतं, पाणी कुठं झिरपत नव्हतं. पावसाचा चिखल असेल, असं मनाशी म्हणालो आणि दगड ओलांडला.

उघाडीपाशी माझी पाळी शेवटची आली. बूट पायातच होते. काढून पुन्हा घातले असतील, मास्तर माणूस, असं लोकांना वाटलं असणार. मी म्हणालो, "वाटा चाललो, पायांनी बघितला." माझा आवाज चांगला खणखणीत होता, शाळेत कमावलेला.

आमच्याकडे पुनवेची भरती दुपारी चढते. सकाळी खाडीला नारळ वाहिला. मग दरवर्षीप्रमाणे सगळी तयारी — बियाण्याच्या कणग्या माळ्यावर, गुरांची दावी सोडून ती टेकडीवर, म्हातारी माणसं आणि पोरं देवळात. ओहोटी लागेपर्यंत कुणीही खाली शेताकडे उतरायचं नाही, हा नियम. हा नियमसुद्धा जोमाकाकाच सगळ्यांना बजावून सांगत. बापाला मी पाठीवर घेऊन देवळात आणलं होतं.

ठमी माहेरपणाला आली होती. तिच्या बापाची गाय तीन दिवसांपूर्वीच व्यालेली. गाय टेकडीवर आली, वासरू मागे राहिलं. ते खालच्या गोठ्यात हंबरत होतं आणि इथं गाय. ठमी म्हणाली, पाणी अजून बांधाच्या खाली आहे, गेले आणि आले, आणि ती उतरली. काका तेव्हा देवळाच्या मागच्या अंगाला कुणाचा तरी बैल आवरत होते. त्यांना कळलंच नाही.

खांड पडताना मोठा आवाज होतो असं लोक सांगतात. मला तसा काही ऐकू आला नाही. ओलं लुगडं दगडावर आपटावं तसा एक आवाज आला, आणि हिरव्या शेतात एक तांबडा पट्टा दिसला. तो रुंद होत गेला. मी देवळाच्या पायरीवरून पाहत होतो. बांध कुठं फुटला हे लांबूनही मला बरोबर कळलं.

ओहोटी लागल्यावर ठमी उघाडीपाशी सापडली. वासरू तिच्याजवळ नव्हतं. ते आपलं आपणच पोहत टेकडीला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी जोमाकाका आमच्या घरी आले. खांड दहा पावलांची होती, आमच्या आणि त्यांच्या वाट्याच्या सांध्यावर. खुणेचा दगड वाहून गेला होता. सुरुवात कुणाच्या वाट्यात झाली, हे आता बांध पाहून कुणालाच सांगता येणार नव्हतं. काका दारातच उभे राहिले. चिडलेले नव्हते. डोळे कोरडे होते. माझा बाप आत घोंगडीत पडून ऐकत होता. काकांनी मला अगदी हळू विचारलं, "मास्तर, बूट काडलंवतंस नं?"

इथवर आलो. आता पुढचं लिहायचं.

एका शब्दाचं काम होतं. नाही — एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? गावानं मला वाळीत टाकलं असतं. बापाची मान खाली गेली असती. कदाचित काकांनी मला बदडलं असतं, आणि बदडून झाल्यावर रडले असते. त्यांना रडता आलं असतं. हे सगळं मला तेव्हाच दिसत होतं. वेळ अपुरा पडला, गोंधळलो, असं काही झालं नाही. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणालो, "काढले होते, काका."

आत बापानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. म्हणाले, "मंग माज्येच पायांना कलला नाय." आणि गेले.

पुन्हा विचारलं नाही त्यांनी. मी मास्तर होतो. मास्तर खोटं बोलेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

गावानं त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं, निदान भांडता आलं असतं. लोक म्हणाले, वय झालं बिचाऱ्याचं. त्यांचा वाटा त्यांच्या भावानं चालायला घेतला. "जोमा, एकदा तू पाय टाकून जा," असं त्यानंतर कुणी म्हटलं नाही. उधाणाच्या आदल्या दिवशी सगळे पुरुष बांधावर जात, तेव्हा ते बायकांबरोबर कणग्या भरू लागत. पुढे पोरांच्या खेळात ते शब्द आले — कुणी अडखळून पडलं की जोमाचे पाय. काकांच्या कानावरही ते आले असणार. आमचं गाव केवढं, त्यात काय लपतं? माझं तेवढं लपलं.

दिवाळीला मी घरी आलो, तेव्हा काका ओट्यावर उन्हात पाय पसरून बसले होते. हातात बाभळीचा काटा. तो ते तळव्यात टोचत होते. टाचेला, चवड्याला, बोटांना, एकेक जागा करत. रक्ताचे बारीक ठिपके आले होते. मला पाहून त्यांनी बोलावलं, शेजारी बसवलं. म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला. मना सांग. काटा कलतो. हितं कलतो, हितंबी कलतो. मंग त्ये पोकल का नाय कलली?"

तेव्हाही सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. ते विचारत होते, अगदी पोरासारखे, मला विचारत होते.

मी म्हणालो, "वय झालं की शिरा मंदावतात, काका. काटा वरवर टोचतो, तो कळतो. खोलातलं कळेनासं होतं. पुस्तकात लिहिलंय तसं."

असं कुठल्याही पुस्तकात नाही. मी ते तिथं बसल्या बसल्या रचलं. पहिलं खोटं मी भीतीनं बोललो, हे दुसरं कसलं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकांनी मान डोलावली. बरं वाटलं त्यांना — पुस्तकात आहे म्हणजे खरंच असणार. काटा त्यांनी ओट्याखाली टाकून दिला. पण पुढच्या खेपेला मी आलो तेव्हा त्यांच्या हातात दुसरा काटा होता.

ते त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हाही विचारत, बांध चालला का, पायांनी बघितला का. गेले तेव्हा मी कल्याणहून आलो. प्रेताला आंघोळ घालून ओसरीत ठेवलं होतं. मी बूट बाहेर काढले आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. तळवे माझ्या डोळ्यांसमोर होते. बारीक बारीक टोचल्याच्या खुणा, काही जुन्या, काही त्या आठवड्यातल्या. अनवाणी उभा असलेला मी रडलो, आणि लोक म्हणाले, मास्तरांचा केवढा जीव होता त्यांच्यावर.

आता मी आमच्याच भागातल्या शाळेत हेडमास्तर आहे. श्रावण लागला की मी मुलांना एक धडा देतो, तो पुस्तकात नाही. बियाणं माळ्यावर ठेवा. गुरांची दावी सोडा, आणि वासरू मागे राहिलं नाही ना ते आधी बघा. पाणी उतरेपर्यंत टेकडी सोडू नका. बांध अनवाणी चाला, टाच आधी, मग चवडा. मुलं तालावर म्हणतात. हे त्यांच्या घरच्यांनाही आवडतं. मास्तरांमुळे पोरं शहाणी झाली, असं मला तोंडावर सांगतात. एकदा एका मुलीनं विचारलं, हे नियम कुणी केले? मी म्हणालो, जुन्या माणसांनी. नाव माझ्या तोंडात आलं होतं. ते घेतलं असतं तर वर्ग हसला असता, कारण त्या नावाचा एकच अर्थ त्यांना ठाऊक आहे. आणि तो अर्थ त्या नावाला मीच चिकटवला.

बाप गेल्यापासून आमचा वाटा मी चालतो. अनवाणी. नवा खुणेचा दगड बसवला आहे. त्याच्या दोन पावलं अलीकडे दरवर्षी माझी टाच थांबते. तिथं माती आता घट्ट आहे.

बायको आतून जेवायला हाक मारते आहे. हा कागद मी तिला दाखवणार आहे. ती वाचेल की नाही, वाचून माझ्याकडे कशी पाहील, ते तिचं तिच्यापाशी. दूध उतू गेलं तर तिनं दुसरं काही म्हणावं, एवढ्यासाठी तरी तिला कळायला हवं.

बूट माझ्या पायात होते. दगडाच्या दोन पावलं अलीकडे, माझ्या वाट्यात, माती खचली आणि मला ती कळली होती. ठमी त्या पाण्यात गेली. जोमाकाकांच्या वाट्यात बीळ नव्हतंच, तर त्यांच्या टाचेला कळणार काय? त्यांचे पाय चांगले होते. शेवटपर्यंत चांगले होते.